नाव, गाव, शेत

वांगी आली.

बाजारात वांगी बारा महिने असतात, पण ही ती नव्हेत. ही भरताची. पांढरट हिरवी, अंगानं मोठी आणि हातात घेतली की आकाराच्या मानानं हलकी. थंडी नीट पडली की आमच्या यावलच्या बाजूला ती येतात आणि घरोघरी अंगणात कपाशीच्या वाळक्या काड्यांचा जाळ होतो. करपणाऱ्या सालीचा तो वास आला की माणसांच्या तोंडाला पाणी सुटतं. मी मात्र पदर नाकाला लावते. वांगी आणि निवडणूक एकाच हिवाळ्यात आली की मग विचारूच नका.

यंदा दोन्ही आलीत. परवा वाचनालयाचा माणूस येऊन सांगून गेला की रविवारी दुपारी सभा आहे. जाता जाता तो वसंतला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, म्हणाला, "भाऊ, फळ्यावरला प्रश्न आता तुमच्या नावावर आलाय." वसंतनं मान डोलावली. चुलीपाशी बसलेल्या माझ्या सासूबाईंनी, अक्कांनी, हातातलं वांगं खाली ठेवलं आणि माझ्याकडं पाहिलं. मी तिकडं न बघता काड्या मोडत बसले.

मी धुळ्याची. लग्न होऊन या गावात आले तेव्हा ऐंशीचं दशक सरत आलं होतं. धुळ्याला निवडणूक म्हणजे रंगवलेल्या भिंती, रिक्षावर बांधलेले भोंगे आणि शाळेला सुट्टी, एवढंच मला ठाऊक. उमेदवार दिसायचा तो जीपमध्ये उभा, हात जोडलेला, आणि आपण नीट बघेपर्यंत पुढच्या गल्लीत गेलेला. इथं आल्यावर सासरे, आबा, मला मोठ्या अभिमानानं म्हणाले, "आमच्या गावात उमेदवार हात जोडून सुटत नही. त्याले बसा लागतं."

माझ्या बोलण्यातल्या अहिराणीची अक्का फार चेष्टा करायच्या. मी 'आहे'ला 'शे' म्हणाले की म्हणायच्या, "ह्या धुयाच्या पोरीचं बठ्ठं शे, शे. बकऱ्या हाकलू रायली का काय!" आणि स्वतःच खूप हसायच्या. तेव्हा त्या हसायच्या. हे मी मुद्दाम लिहून ठेवतेय, कारण आजच्या अक्का पाहून कुणाचा विश्वास बसणार नाही.

तर बसायचं म्हणजे असं. वाचनालयापुढं निंबाखाली एक लांबरुंद दगडी ओटा आहे. निवडणूक लागली की सगळ्या पक्षांचे उमेदवार त्या ओट्यावर एकाच सतरंजीवर मांडी घालून बसणार. खुर्ची नाही, हार नाही, भाषण नाही. लोकांनी विचारायचं आणि त्यांनी उत्तर द्यायचं. वाचनालयाचे अध्यक्ष, ज्यांना सगळं गाव बापू म्हणायचं, ते शाळेतली जुनी पितळी घंटा पुढ्यात घेऊन बसत. विचारणारा पायरी चढून आला की बापू म्हणत, "नाव?" मग, "गाव?" दोन्ही मोठ्यानं सांगितल्यावर घंटा वाजे आणि प्रश्न सुरू होई. बिननावाचा प्रश्न घेत नसत. गावाला याचा भारी तोरा होता. आजूबाजूच्या गावांत म्हणे लोक चिठ्ठ्या पाठवतात; आम्ही तोंडानं विचारतो.

उत्तर मिळालं नाही तर तो प्रश्न वाचनालयाच्या भिंतीवरच्या फळ्यावर जाई, विचारणाऱ्याच्या नावासकट. मतदानाआधी दुसरी सभा असे. तिथं त्याच माणसानं उठून पुन्हा विचारायचा. तरीही उत्तर नाही मिळालं तर प्रश्न फळ्यावर राही, पुढच्या निवडणुकीपर्यंत. आणि माणूस वारला तर प्रश्न त्याच्या वारसाला लागे. सातबाऱ्यावर शेत चढावं तसा. ओढ्यावरच्या पुलाचा एक प्रश्न आजाकडून नातवापर्यंत आला होता आणि तो नातू लग्नाच्या बोलणीतसुद्धा ते सांगत असे.

सभा झाली की भरीत-पुरीची पंगत. ज्यानं प्रश्न विचारला आणि ज्याला विचारला, ते शेजारी शेजारी बसणार. हे सगळं मला इतकं आवडलं होतं की मी माहेरी पत्र पाठवून कळवलं होतं. आता वाटतं, आपण किती भोळे होतो. नाव मोठ्यानं सांगणं म्हणजे काय, याचा विचार आमच्यापैकी कुणीच केला नव्हता.

लग्नानंतर पहिली निवडणूक आली, त्या हिवाळ्यात आबा उठले. आबा म्हणजे जेवताना मीठ कमी असलं तरी न सांगणारा माणूस. पाटाचं पाणी आमच्या भागात येईनासं झालं होतं. वर दादासाहेब म्हणून मोठे बागाईतदार होते, त्यांच्या बांधापर्यंत पाट भरून वाहायचा आणि त्यापुढं चिखल. आमची केळीची बाग पाटाच्या अगदी टोकाला. घरच्या विहिरीवर कशीबशी तगवलेली. आणि दादासाहेबच त्या वेळी निवडणुकीला उभे होते. पांढरा सदरा, हसरा चेहरा, एकदा भेटलेल्याचं नाव न विसरणारा माणूस.

"नाव?" बापूंनी विचारलं.

"नामदेव."

"गाव?"

"हेच."

घंटा वाजली. आबा म्हणाले, "दादासाहेब, पाटाचं पानी तुमच्या बांधापर्यंत येतं. तठून पुढं आमच्याकडे कसाले येत नही?"

लोक हसले. वाचनालयाच्या ओसरीवर आम्ही बायका बसलो होतो, आम्हीही हसलो. दादासाहेब हसले नाहीत की चिडले नाहीत. धरण, सरकार, पाण्याची पाळी असं बरंच बोलले. मग थांबले आणि आबांकडं नीट बघत म्हणाले, "आबा, नाव कळलं, गाव कळलं. शेत कुठं तुमचं?"

असं त्या ओट्यावर आजवर कुणी विचारलं नव्हतं. बापूंचा घंटेवरचा हात तसाच राहिला. आता केळीवाल्याला त्याची बाग विचारली की काय होतं ते आमच्याकडच्या कुणालाही विचारा. तो सांगतच सुटतो. लेकीचं स्थळ सांगावं तसं सांगतो. आबांचा चेहरा खुलला.

"पाटाच्या टोकाले. चिंचेपासून खाली उतरलं का डाव्या हाताले. सगळी बाग निसवली हाये. असे घड माह्या उमरीत लागले नही. खालच्या अंगानं गाडी थेट आत जाते, कुंपन नही. या एकदा पाहाले."

"येऊ," दादासाहेब म्हणाले.

एवढंच. आवाज अगदी गोड. अक्कांनी माझं मनगट धरलं आणि त्यांची बोटं इतकी गार होती की मी दचकले. पंगतीत आबा आणि दादासाहेब शेजारी जेवले. दादासाहेबांनी भरीत दोनदा मागून घेतलं.

घरी येताना अक्का रस्ताभर झपाझप पुढं चालत होत्या. दारात आल्यावर फुटल्या. "नाव सांगतलं, गाव सांगतलं, तठी थांबा लागत नव्हतं का? रस्ता कसाले सांगतला?"

"त्यानं इचारलं," आबा म्हणाले.

"इचारलं त सांगाचं? कुंपन नही हे बी सांगाचं?"

"माही बाग हाये. मी काय चोरीची लावली?"

आमच्याकडं एखाद्याशी वैर धरलं तर त्याच्या अंगाला कुणी हात लावत नाही. त्याची केळी कापतात. केळीला लाकूड नसतं, विळ्याचा एक घाव पुरतो. लग्नाच्या पहिल्याच वर्षी शेजारच्या गावात अशी एक बाग कापलेली मी पाहिली होती. सगळी खोडं एकाच बाजूला पडलेली, कोवळे घड चिखलात, आणि कापलेल्या बुंध्यांतून पाणी गळत होतं. घरधनी बांधावर बसून होता. बघायला आलेले लोक त्याच्याशी न बोलता परत जात होते. कुणी कापली ते सगळ्यांना माहीत होतं आणि कुणालाच माहीत नव्हतं.

मग तो हिवाळा सुरू झाला. म्हणजे थंडी आधीच होती, पण मी सभेनंतरचाच हिवाळा मोजते. आबा आणि वसंत आळीपाळीनं बागेत झोपायला जाऊ लागले. बाग कधी नव्हे इतकी देखणी दिसत होती. घड भरायला अजून महिना-दीड महिना हवा होता, आणि त्या घडांवर आमचं अख्खं वर्ष लटकलेलं होतं. मी दुपारी भाकरी घेऊन जायची. केळीच्या बागेत दिवसाही अंधारून येतं. वाळकी पानं खोडाला घासतात आणि कुणीतरी चालत असल्यासारखा आवाज होतो. आधी मला तो आवाज आवडायचा. आता मी बांधावरूनच हाक मारायची.

एकदा पाटाच्या रस्त्यावर जीप उभी दिसली. आत कुणी नव्हतं. दुसऱ्यांदा भर दुपारी एक अनोळखी माणूस बोरं खात बागेच्या काठानं फिरत होता. एका खोडावर त्यानं तळहात ठेवला, थोपटलं, आणि मला पाहून म्हणाला, "बाग झ्याक हाये, वहिनी." बी थुंकून निघून गेला. तो नुसता वाटसरू असेल. असेलही. पण त्या दिवसांत बोरं खाणारा माणूससुद्धा साधा दिसत नव्हता, आणि भीतीचं हेच मला सगळ्यात संतापजनक वाटतं की ती खरीखोटी करता येत नाही.

अक्का रोज एकच म्हणायच्या, "दुसऱ्या सभेले उठू नका. फळ्यावरला प्रश्न फळ्यावर राहू द्या."

आबा म्हणायचे, "उठलो नही त फळ्यावरलं नाव पुसून टाका लागीन."

दुसरी सभा आठवड्यावर आली होती. त्या दिवशी अक्का सकाळी देवाला जाताना नेसायचं जुनं निळं लुगडं नेसून महादेवाला म्हणून गेल्या. मी दुपारी भाकरी घेऊन बागेवर गेले तर आबा आणि वसंत काठाला उभे. एक खोड आडवं पडलं होतं. एकच. काठावरचं, घडासकट. घाव स्वच्छ होता आणि बुंध्यातून अजून पाणी येत होतं.

"कोन कापी गया?" माझ्या तोंडून माहेरची बोली निघाली.

आबा खाली बसले आणि त्या घडावरची माती हातानं पुसू लागले. फळं अजून न भरलेली, कोनदार होती, कडा बोटाला लागत होत्या. सगळी बाग उभी होती आणि एक खोड पडलं होतं, आणि सगळी पडली असती तर जितकं भय वाटलं नसतं तितकं त्या एका खोडाचं वाटत होतं.

घरी येऊन मी धुणं काढलं. अक्कांचं निळं लुगडं पिळून ठेवलेलं होतं, त्यांनी ते स्वतःच धुतलं होतं. मी झटकून दोरीवर टाकायला गेले तर पदराच्या काठाला डाग. केळीच्या चिकाचा. बाईमाणसाला केळीच्या घरात हा डाग नवा नाही. आमच्या रोजच्या लुगड्यांवर नकाशे असतात. पण हे देवाचं लुगडं. आणि देवळाजवळ केळ नाही.

मी मागं वळले तर अक्का दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्या हातातून लुगडं घेतलं, डागाची बाजू आत करून घडी घातली आणि आत गेल्या. मला सगळं कळलं. त्यांना काय हवं होतं तेही कळलं. एक खोड देऊन त्यांना बाकीची बाग राखायची होती. आबा घाबरतील, घरी बसतील, प्रश्न फळ्यावर राहील. मला त्यांचा राग आला नाही. मला त्या माणसाचा राग आला, ज्यानं नुसतं "शेत कुठं" विचारलं होतं आणि माझ्या सासूच्या हातात विळा दिला होता.

पण आबा घाबरले ते वेगळ्या तऱ्हेनं. संध्याकाळी जेवताना म्हणाले, "उद्या कापनारे बोलावतो. सगळी बाग काढून टाकू."

"कच्ची?" वसंत ओरडला.

"कच्ची. मंग काय कापतीन ते? कापाले काही ठेवतच नही. अन् सभेले मी जाईन."

अक्कांची भाकरी तव्यावर जळाली. त्या "नका" म्हणाल्या. पुन्हा "नका" म्हणाल्या. तिसऱ्यांदा त्यांचं तोंड उघडलं, आणि मला वाटलं, आता सांगतील. पण त्यांनी जळलेली भाकरी उचलून कडेला ठेवली आणि नवी थापायला घेतली.

व्यापाऱ्याची माणसं आली. घड ट्रकमध्ये चढताना त्यांच्यातला एक जण म्हणाला, "आबा, महिनाभर थांबले असते त सोनं व्हतं." आबा पुढचा घड उचलायला वाकले. अक्का दिवसभर बांधावर उभ्या राहून प्रत्येक खोड पडताना बघत होत्या. मी पाणी नेलं तर प्यायल्या नाहीत. सभेच्या पंगतीला लागणारी पानं त्या वर्षी आमच्याच बागेतून गेली.

दुसऱ्या सभेला ओट्यापुढं पाय ठेवायला जागा नव्हती. पडलेल्या खोडाची आणि कच्च्या काढलेल्या बागेची गोष्ट तालुकाभर झाली होती. आबा पायरी चढले. बापूंनी नाव विचारायच्या आधीच बोलायला लागले.

"नाव नामदेव. गाव हेच. शेत पाटाच्या टोकाले, पन आता तठी काही नही, खाली हाये. प्रश्न तोच."

मग दादासाहेब चक्क उठून उभे राहिले. मी त्यांना पहिल्यांदा घामेजलेलं पाहिलं. "आबा, पाण्याचं नंतर बोलू," ते म्हणाले. "पण तुमचं खोड माझ्या माणसानं कापलं नाही. आईची आन घेऊन सांगतो."

एकाही माणसाचा त्यांच्यावर विश्वास बसला नाही, ते समोरच्या तोंडांवर दिसत होतं. त्या ओट्यावर दादासाहेब जे काही बोलले असतील त्यातली ती एकच गोष्ट खरी होती, आणि ती खरी आहे हे तिथं फक्त दोन बायकांना ठाऊक होतं. मी अक्कांकडं पाहिलं. त्यांनी डोक्यावरचा पदर आणखी पुढं ओढला होता. मला दादासाहेबांची कीव आली का? नाही. शेत विचारलं तेव्हा त्यांना काय हवं होतं ते त्यांना चांगलं माहीत होतं. त्यांनी माणूस पाठवायचा होता की नव्हता, देव जाणे. पाठवायची गरज पडली नाही.

निवडून ते आलेच. पाणी आलं नाही. प्रश्न फळ्यावर राहिला.

आणि मग हळूहळू काय झालं ते सांगण्यासारखं काही नाही, म्हणूनच सांगते. बापू थकले, नवे अध्यक्ष आले. पुढच्या निवडणुकीच्या सभेत त्यांनी पहिल्याच माणसाला विचारलं, "नाव? गाव? शेत?" त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. त्यांना वाटलं तशीच पद्धत आहे. तो माणूस पायरीवर थांबला, खाली बसलेल्या आपल्या बायकोकडं त्यानं बघितलं, आणि "तालुक्याच्या विकासाबद्दल आपले विचार काय" असं काहीतरी विचारून उतरला. त्यानंतर सगळे प्रश्न असेच गोड झाले. उमेदवार खूश, लोक टाळ्या वाजवतात, भरीत झकास होतं. बाहेरगावचे पाहुणे आले की आम्ही अजून अभिमानानं ओटा दाखवतो.

आबा गेले त्याला आता दोन वर्षं झाली. आयुष्याच्या शेवटापर्यंत कुणीही घरी आलं की ते सांगायचे, "माहं खोड कापलं त्याहीनं, तरी मी उठलो." हे सांगताना त्यांची मान ताठ व्हायची. अक्का तेव्हा चुलीकडं तोंड करून बसायच्या. कितीदा ऐकलं असेल त्यांनी ते, आणि दरवेळी चुलीत काहीतरी सारायचं असायचंच. आबांच्या त्या ताठ मानेत आपलं बोलणं बसत नाही, हे त्यांना उमगलं होतं. मलाही.

आणि आता प्रश्न वसंतला लागला आहे. दादासाहेब यंदाही उभे आहेत; केस पांढरे झाले, सदरा तोच. बाग यंदाही निसवली आहे, तशीच, घडांनी वाकलेली. वसंत बापावर गेलाय. काल संध्याकाळी अंगणात एकटाच पुटपुटत होता, नाव वसंत, गाव हेच, शेत पाटाच्या टोकाला. मी म्हटलं, शेत सांगू नका. तर म्हणतो, "इचारतीन त सांगा लागीन ना."

आज रविवार. सकाळपासून अंगणात वांगी भाजतेय. धूर डोळ्यात जातोय म्हणून डोळे पुसतेय असं मी शेजारणीला सांगितलं. अक्का ओसरीवर बसल्या आहेत, आताशा त्यांना फारसं उठवत नाही. खुंटीला विळा टांगलेला आहे. तो तिथं रोजच असतो. पण आज माझी नजर सारखी तिकडं जात होती, आणि दुपार व्हायला लागली तशी मी उठले आणि तो खाली काढला. कणगीमागं लपवून ठेवावा, निदान सभा होईपर्यंत नजरेआड असावा, असं मी स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे लपवायला काढला की बागेत न्यायला, ते मला त्या क्षणी ठाऊक नव्हतं.

"सूनबाई," अक्का म्हणाल्या.

इतक्या वर्षांत त्या गोष्टीवर आम्ही दोघी एक शब्द बोललेलो नव्हतो. त्यांनी माझ्या हाताकडं पाहिलं आणि अगदी हळू, मीठ किती टाकायचं ते सांगावं तशा म्हणाल्या, "म्या घड असलेलं कापलं व्हतं. तू बिनघडाचं पाहजो."

बाहेरून वसंतनं मोटारसायकल सुरू केली आणि हाक मारली, "येतेस ना सभेले?"

"येते," मी म्हणाले. विळा माझ्या हातातच होता.